पाकिटातलं सूप आणि पेटीतलं माडगं

हॉस्टेलवरच्या मुलाला विचारा, आठवड्यातली सगळ्यात अवघड संध्याकाळ कोणती? तो सबमिशनच्या आदल्या दिवसाची सांगणार नाही, रविवारची सांगेल. रविवारी दुपारी मेसला फीस्ट असते आणि संध्याकाळी कुलूप. ही प्रथा कोणी पाडली देव जाणे, पण गावोगावच्या मेसवाल्यांचं ह्या एका मुद्द्यावर एकमत आहे. दुपारच्या पुऱ्या आणि गुलाबजाम रात्री आठपर्यंत जिरतात आणि मग आख्ख्या विंगचे तीन गट पडतात. पहिला गट बाहेर जेवायला जातो, नाहीतर मोबाईलवरून मागवतो. दुसरा गट इलेक्ट्रिक किटलीत पाणी उकळतो आणि सुपाचं पाकीट फोडतो. तिसरा गट गादीवर पडल्या पडल्या सांगतो, "आज भूकच नाही यार."

मला बोलायचं आहे ते ह्या तिसऱ्या गटाबद्दल. पण त्याच्याकडे जायचा रस्ता दुसऱ्या गटाच्या किटलीवरून जातो, तेव्हा थोडा धीर धरा.

महिन्याची वीस तारीख उलटली की तिसरा गट वाढायला लागतो. कोणाचे घरून पैसे यायचे असतात, कोणाच्या शिष्यवृत्तीचा हप्ता कुठल्यातरी टेबलावर अडकलेला असतो, कोणाच्या बापाने कांदा विकलेला असतो पण पट्टी हातात आलेली नसते. ज्याला भूक नसते तोच मुलगा अकराच्या सुमाराला दोन ग्लास पाणी पितो, आणि सोमवारी सकाळी नाष्ट्याच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभा असतो. हे पाहिलेलं नाही असा एकतरी हॉस्टेलाईट दाखवा! आणि तरी कोणी त्याला काही विचारत नाही. विचारलं तर त्याला खरं सांगावं लागेल, एवढं आपल्यालाही कळतं.

आता किटली. पाकिटातल्या सुपाशी माझं वैर नाही. पावसाळ्यात भिजून आल्यावर ते बरंही वाटतं. पण एकदा पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचा. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे ज्याचं वजन जास्त ते आधी. पुढच्या बाजूला लालभडक टोमॅटो आणि गाजराचे काप असतात; मागे मात्र बहुतेक वेळा कॉर्नफ्लोअर किंवा मैदा, साखर, मीठ ही मंडळी पुढच्या बाकांवर दिसतात आणि सुकवलेली भाजी लास्ट बेंचला. एका कपाच्या पुडीत दहा-बारा ग्रॅम पावडर असते. केमिकलवाल्या मित्रांनी जरा मास बॅलन्स करून पाहावा. ही सगळी पावडर स्टार्च आणि साखरच आहे असं धरलं, तरी ग्रॅमला चार किलोकॅलरीच्या हिशेबाने पन्नासच्या आत मामला आटोपतो. बाकी सगळं नळाचं पाणी. ते घट्ट लागतं ते स्टार्चमुळे. व्हिस्कॉसिटी वाढली म्हणजे पोट भरलं असं नसतं, हे फ्लुइड मेकॅनिक्सला केटी लागलेल्या मुलालाही पटावं.

"पण सूप असतंच तसं हलकं, ते काय जेवण आहे का?" असं आमच्या एका मित्राने मला सुनावलं. हॉटेलच्या मेनूकार्डावर सूप पहिल्या पानावर असतं, म्हणून जेवणाआधी प्यायचं ते सूप, अशी आपली समजूत. मला हे अजिबात मान्य नाही. सूप ही मुळात दमलेल्या आणि रिकाम्या खिशाच्या माणसाची गोष्ट आहे, आणि तिच्या पोटात कडधान्य असतं. हे मी मनाचं सांगत नाही. संस्कृतात 'सूप' म्हणजे चक्क डाळीचं कालवण, आणि 'सूपकार' म्हणजे आचारी. (इंग्रजी सूपशी त्याचा काही संबंध नाही, तो निव्वळ योगायोग. आणि मराठीत सूप म्हटलं की आजीला धान्य पाखडायचं आठवतं ते वेगळंच!) म्हणजे आपल्या पूर्वजांच्या लेखी आमटीचं पातेलं हेच सूप होतं.

तिकडे युरोपातही तेच. फिजिक्समध्ये आपल्याला काउंट रम्फर्ड भेटलेला असतो. तोफेच्या नळीला भोक पाडताना एवढी उष्णता कुठून येते, ह्यावर १७९८ साली ज्याने निबंध वाचला आणि उष्णता हा कुठला द्रव नसून तिचा संबंध गतीशी आहे असं सांगितलं, तोच तो. ह्या माणसाने त्याआधी म्युनिकमध्ये भिकाऱ्यांसाठी कामाची घरं काढली आणि तिथे हजारो माणसांना स्वस्तात जेवू कसं घालायचं ह्याचा अगदी आपल्या प्रॅक्टिकलसारखा अभ्यास केला. त्यातून जे सूप निघालं त्यात होतं काय? जव, वाळके वाटाणे, बटाटे, शिळ्या पावाचे तुकडे, थोडं व्हिनेगर, मीठ आणि पाणी. ते मंद आचेवर खूप वेळ शिजवायचं. मूठभर जवाने एवढं पाणी घट्ट होतं आणि माणूस तृप्त होतो, ह्यावरून पाण्यातच पोषण असतं असं त्या बिचाऱ्याला वाटलं होतं. तोफेच्या बाबतीत बरोबर ठरलेला माणूस पाण्याच्या बाबतीत चुकला. आजचे पाकीटवाले त्याच चुकीवर धंदा करतात असं मला कधी कधी वाटतं, पण ते जाऊ दे.

पुढची गंमत ऐका. १८६७ मध्ये बर्लिनच्या ग्र्युनेबर्ग नावाच्या आचाऱ्याने वाटाण्याचं पीठ, चरबी, कांदा आणि मसाला एकत्र करून त्याची कांडी बनवली. १८७०-७१ च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धात प्रशियाचे शिपाई ती पाठीवरच्या पिशवीत घेऊन चालले. एक चकती कापायची, पाण्यात कुस्करायची, उकळायची, झालं सूप. ही कांडी जर्मनीत थेट २०१८ पर्यंत विकली जात होती. आणि ज्याचं नाव घेतलं की आपल्याला फक्त पिवळं पाकीट आठवतं, तो ज्युलियस मॅगी स्वित्झर्लंडमधला गिरणीवाला. कारखान्यात दिवसभर राबणाऱ्या बायकांना घरी येऊन शिजवायला वेळ नसतो, कामगारांचं खाणं निकृष्ट होत चाललंय, अशी तिथल्या डॉक्टर मंडळींची ओरड होती. त्यावर तोडगा म्हणून त्याने वाटाणा आणि घेवड्याची पिठं काढली आणि १८८६ मध्ये त्यांची झटपट सुपं बाजारात आणली. नूडल्स आपल्याकडे आल्या त्या १९८३ साली, जवळजवळ शंभर वर्षांनी.

म्हणजे बघा, पाकिटातल्या सुपाचा जन्मच कडधान्याच्या पिठातून झालाय. पुढे कधीतरी कडधान्य गळालं आणि पाकीट उरलं. आणि ज्या घरात ते पीठ अजून डब्यात आहे, त्या घरातला मुलगा मात्र ते लपवतोय. हो, लपवतोय. हीच गोष्ट सांगण्यासाठी एवढं लांबण लावलं.

आमचा एक पार्टनर माणदेशातला आहे. साताऱ्याचा पूर्वेकडचा कोरडा भाग. मुरमाड जमीन, पाऊस आला तर आला. अशा जमिनीत जे थोडं हमखास येतं त्यात हुलगा. फर्स्ट इयरला पहिल्यांदा हॉस्टेलवर येताना त्याच्या आईने पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या खाली, धुतलेल्या फडक्यात बांधून हुलग्याचं पीठ दिलं होतं. हुलगे भाजून, जात्यावर भरडून, पाखडून, मग गिरणीतून दळून आणलेलं. शेजारच्या रूममधल्या कोणीतरी पेटी उघडी बघून गाठोडं उचललं आणि विचारलं, "हे काय रे, सिमेंट?" कशाचं पीठ ते कळल्यावर तर हसून हसून लोळले. हुलग्याला इंग्रजीत हॉर्स ग्रॅम म्हणतात, हे कोणीतरी लगेच मोबाईलवर शोधून काढलं. मग काय, "घोड्या, खरारा झाला का?" हे पुढे सेमिस्टरभर चाललं. तोही सगळ्यांबरोबर हसला आणि त्याने पेटी पलंगाखाली सरकवली ती सरकवलीच. उन्हाळ्यात पेटी उघडली तेव्हा पिठाला जाळी धरली होती. त्याने ते मागच्या नाल्यात टाकलं, आणि घरी "संपलं, छान होतं" म्हणून सांगितलं.

मी तेव्हा दुसऱ्या विंगमध्ये होतो. ही गोष्ट त्याने मला फार उशिरा सांगितली, तीही हसत हसतच. आणि त्या सेमिस्टरमध्ये तो तिसऱ्या गटात होता! रविवारी रात्री "भूक नाही" म्हणणाऱ्यांत. पलंगाखाली महिनाभर पुरेल एवढं अन्न, आणि वर उपाशी मुलगा.

हसणाऱ्यांना काय म्हणायचं? हुलगा जनावरांना घालतात हे खरंच आहे. ज्या जनावराने पळायचं असतं, ओढायचं असतं, त्याला घालतात. कामाच्या दिवसांत बैलाला हुलगे शिजवून घालायची आमच्याकडे पद्धत आहे. शेतकरी काही वेडा नाही. शंभर ग्रॅम हुलग्यात बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. जिममध्ये जाणारे आमचे मित्र भल्यामोठ्या डब्यातली प्रोटीन पावडर हलवून हलवून पितात, तो डबा कपाटावर दिमाखात ठेवलेला असतो, त्याला कोणी सिमेंट म्हणत नाही. तीसुद्धा तिकडे दुधाचं चीज करताना उरलेल्या पाण्याचीच केलेली असते. मग फरक कशात आहे? डब्यावरच्या इंग्रजीत.

दुसरं एक. आमचा अजून एक पार्टनर सिंधुदुर्गातला. त्याच्याकडे ह्याच हुलग्याला कुळीथ म्हणतात आणि कुळथाच्या पिठी-भाताबद्दल तो असा काही बोलतो की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. बाजूला भाजलेला सुका बांगडा हवा, हे पालुपद आहेच. कोकणात फिरायला गेलेले पुण्यामुंबईचे लोक पिठी मागून खातात आणि वर पिठाची पुडी विकत आणतात. घाटाच्या एका अंगाला ज्याचा अभिमान, त्याचीच दुसऱ्या अंगाला लाज. मला वाटतं, देशावर हुलगा दुष्काळाला चिकटलाय. पार्टनरची आजी १९७२ च्या दुष्काळाचं सांगते, कामावर मिळणारी सुकडी, परदेशातून आलेला लाल मिलो, आणि घरात फक्त माडगं. जे नाइलाजाने खाल्लं ते चांगले दिवस आल्यावर माणूस पाहुण्यापुढे ठेवत नाही. आजीचं हे मी समजू शकतो. पण ती अडचण तिची होती. आपल्याला काय झालंय?

सेकंड इयरपासून आम्ही चौघं बाहेर फ्लॅट करून राहतो. गॅसची शेगडी आहे, एक पातेलं आहे, एक कढई आहे (तिला तळाला पोचा आहे). तिथे त्याने आम्हाला माडगं शिकवलं. कृती सांगतो, कारण ह्या मासिकात कविता पुष्कळ येतात आणि कृती एकही येत नाही.

दोघांसाठी एक वाटी हुलग्याचं पीठ घ्या, साधारण शंभर ग्रॅम. ते आधी थंड पाण्यात कालवायचं. हे महत्त्वाचं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की ढेकळाच्या बाहेरच्या थरातला स्टार्च लगेच फुगतो, त्याचं चिकट कवच होतं, आणि मग कितीही ढवळा, आत पाणी जात नाही. आत कोरडं पीठ आणि बाहेर खळ, हीच ती गुठळी. थंड पाण्यात स्टार्च फुगत नाही, त्यामुळे प्रत्येक कण आधी सुटा भिजतो. त्या जर्मन शिपायाची कांडीही पाण्यात कुस्करूनच मग उकळायची, ते उगाच नाही. ताकासारखं सरसरीत होईपर्यंत कालवा आणि बाजूला ठेवा.

पातेल्यात चमचाभर तेल. मोहरी तडतडली की जिरं, मग सालासकट ठेचलेला लसूण, सात-आठ पाकळ्या. लसणात हात आखडू नका, माडग्याचा अर्धा जीव लसणात आहे. लसूण लालसर झाला की हिंग, हळद, लाल तिखट, आणि तिखट जळायच्या आत पाच फुलपात्री पाणी. मीठ. पाण्याला उकळी आली की एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने कालवलेलं पीठ धार धरून सोडायचं. आता आच कमी करा आणि आठ-दहा मिनिटं रटरटू द्या. ह्या वेळात मोबाईल बघायचा नाही! ते उतू जातं, आणि तळाला लागतं. कच्चट वास जाऊन भाजल्यासारखा खमंग वास सुटला की झालं. शेवटी दोन आमसुलं टाका. नसली तर लिंबू पिळा. कोथिंबीर मिळाली तर मिळाली. थंड झालं की ते अजून घट्ट होतं, म्हणून उतरवताना जरा पातळच ठेवायचं.

नुसतं पिऊ नका, ते रम्फर्डच्या पाण्यासारखं होईल. त्यात शिळी भाकरी चुरा. भाकरी नसेल तर दुपारच्या मेसच्या दोन पोळ्या ठेवून द्यायच्या आणि तुकडे करून शेवटच्या दोन मिनिटांत आत सोडायच्या. त्या मऊ होतात, वरणफळांची लांबची बहीण म्हणा. हे झालं जेवण. माणशी अकरा ग्रॅम प्रथिनं एकट्या हुलग्यातून, म्हणजे जवळजवळ दोन अंड्यांइतकी. हुलग्याचा भाव किलोला शंभर रुपये धरला तरी दोघांत दहा रुपयांचं पीठ. तेल, लसूण, आमसुलं धरून वीस करा. पाण्यावर पाकीट फोडणाऱ्या दुसऱ्या गटानेही हा आकडा एकदा आपल्या आकड्याशेजारी मांडावा.

हुलग्याचं पीठ नाही? मग डाळीचं पीठ घ्या, फक्त ते आधी तेलावर जरा भाजून घ्या. मूगडाळ असेल तर मूठभर डाळ, मूठभर तांदूळ, तिप्पट-चौपट पाणी आणि कुकरच्या चार शिट्ट्या; रवीने घोटून वरून जिरं-लसणाची फोडणी दिली की आजारी माणसाला देतात तसं कढण, पण पोटभरीचं. विदर्भातल्या मित्राचं म्हणणं, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील ह्या सगळ्यांच्या वर आहे. त्याने पुढच्या अंकात लिहावं. आमच्याकडे जागा कमी आहे.

आता खरा प्रश्न. हे सगळं फ्लॅटवर ठीक आहे, हॉस्टेलवर करायचं कुठे? रूममध्ये शेगडी चालवायला बंदी आहे. इंडक्शन सापडलं की जप्त. मुलींच्या हॉस्टेलवर तर महिन्याला झडती होते म्हणतात. ह्यावर रेक्टरांना शिव्या देणं सोपं आहे, पण इंजिनिअरिंगच्या मुलांनी निदान आधी हिशेब करावा. दोन हजार वॅटचं इंडक्शन २३० व्होल्टला जवळजवळ पावणेनऊ ॲम्पिअर खेचतं. रूममधलं साधं सॉकेट सहा ॲम्पिअरचं. एका विंगमधल्या वीस रूममध्ये रविवारी रात्री आठला एकदम वीस इंडक्शन लागली, तर चाळीस किलोवॅट. जुन्या वायरिंगवर हे करायला मी तरी सांगणार नाही. बंदी बरोबर आहे.

पण बंदीबरोबर सोय द्यायला हवी, आणि ती दिली जात नाही, ही माझी तक्रार आहे. प्रत्येक मजल्यावर एक रिकामी खोली असते, जिच्यात मोडके पलंग आणि गेल्या गॅदरिंगचे कमानीचे सांगाडे पडलेले असतात. तिथे एक ओटा, एक सिंक, सोळा ॲम्पिअरचे दोन पॉइंट स्वतंत्र एमसीबीवर, दोन इंडक्शन आणि भिंतीला एक अग्निशामक. एवढंच. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ३१५ किलोज्यूलच्या आत ऊर्जा लागते, म्हणजे युनिटच्या दहाव्या हिश्शाहून कमी. नंतरचं रटरटणं आणि वाया जाणारी उष्णता धरली तरी एका पातेल्याला अर्धं युनिटसुद्धा जळत नाही. गॅदरिंगच्या लायटिंगपुढे हे काहीच नाही.

"इथे शिकायला आलात की स्वयंपाक करायला?" हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. एका मीटिंगमध्ये तो आलाही. मला त्यात एक छुपं वाक्य ऐकू येतं: स्वयंपाक हे मुलांचं काम नाही, लग्न झाल्यावर होईल सोय. मॅगीच्या काळातल्या त्या कारखान्यातल्या बाया तरी दमून घरी येऊन शिजवत होत्या. आपण दमतो ते कशाने, काउंटर स्ट्राइकने? चार वर्षांत आपल्याला हीट ट्रान्सफरचे तीन प्रकार पाठ होतात आणि कुकरची शिट्टी वाजली की बाहेर पळणारे मुलगे पदवी घेऊन बाहेर पडतात. मग बंगलोरला किंवा परदेशात नोकरी लागली की आईला फोन करून फोडणी विचारतात. ती बिचारी आनंदाने सांगते, हा भाग वेगळा.

दुसरा आक्षेप वेळेचा. माडग्याला लसूण सोलण्यापासून पातेलं घासण्यापर्यंत अर्धा तास लागतो. मागवलेलं जेवण यायलाही तेवढाच लागतो, आणि तो अर्धा तास आपण दाराकडे बघत काढतो.

तिसरा आक्षेप कोणी तोंडाने घेत नाही. तो असा की, पँट्री झाली तर कोण काय शिजवतोय ते सगळ्यांना दिसेल. कोणाच्या डब्यात काजू आणि कोणाच्या डब्यात हुलगा. ह्याला माझ्याकडे सर्किट डायग्राम नाही. पण एवढं पाहिलंय की गेल्या पावसाळ्यापासून आमच्या फ्लॅटवर रविवारी पातेलं चढतं तेव्हा वास जिन्यापर्यंत जातो, आणि ज्यांनी 'घोडा' हे नाव पाडलं होतं त्यांच्यातलाच एक जण पहिल्यांदा वाटी घेऊन आला. माणदेशीने त्याला वाढलं. आधी त्याच्याकडून लसूण सोलून घेतला, ती गोष्ट वेगळी. आता दिवाळीहून येताना त्याची आई पीठ दोन गाठोड्यांत देते, एक आमच्यासाठी आणि एक "त्या पोरांसाठी". तिसऱ्या गटातल्या कोणाला यायचं असेल तर रविवारी आठनंतर यावं, येताना फुलपात्र आणावं. भूक आहे की नाही हे कोणी विचारत नाही.

पँट्रीच्या अर्जाचा मसुदा आमच्याच फ्लॅटवर तयार आहे, सह्या करायला कधीही या. इलेक्ट्रिकलच्या दोघांनी लोडचा हिशेब करून, सिंगल लाइन डायग्रामसकट जोडला आहे. मेकॅनिकलवाले चिमणीचा पंखा वर्कशॉपमध्ये जुळवून देतो म्हणालेत. सिव्हिलवाल्यांनी मात्र सिंकच्या पाण्याला उतार कुठून काढायचा ते अजून सांगितलेलं नाही.